सैन्याची भाषा आणि सोंगट्यांची बाहुली

गोष्ट फार जुनी, लाकडाच्या बाहुल्या माणसांचं ऐकत तेव्हाची. मात्र त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत बोलावं लागे. अशा भाषा शिकवणारे गुरू बाजारात बसत आणि आपापल्या भाषेबरोबर बाहुली जोडायच्या सांध्या-कमानींची पेटीही देत. एका भाषेची पेटी दुसरीला चालत नसे.

तिथे एक अत्तरवाला राहत होता. त्याची बायको पाय मोडून अंथरुणाला खिळली होती. पूर्वी ती सोंगट्या खेळायला बसली की अख्खी आळी दणाणून सोडी. आता आढ्याकडे बघत पडून राही, दोन घास खाऊन ताट सरकवी. अत्तरवाल्याच्या जिवाला घोर लागला. हिच्याशी खेळायला चौरंगावर मावेल अशी बाहुली आपल्या हातानं करायची, असं त्यानं ठरवलं.

तो बाजारात गेला नि म्हणाला, "सगळ्यांत बलवान भाषा कोणती?"

"माझी!" एक गुरू गरजला. "राजाचं लाकडी सैन्य हिच्यावरच चालतं."

अत्तरवाला पेटी घेऊन आला. फासा उचलायचा एक हुकूम शिकता शिकता त्याला घाम फुटला. तेवढ्यात शेजारी म्हणाला, "अरेरे, ही कसली घेतलीत? आता सगळे त्या नव्या गुरूकडे जातात!" झालं, दुसरी पेटी आली. मग तिसरी. घरात पाय ठेवायला जागा उरली नाही, पण बाहुलीचा पत्ता नाही.

शेवटी बायको पडल्या पडल्या म्हणाली, "अहो, गिऱ्हाइकानं सगळ्यांत उग्र अत्तर मागितलं, तर लगेच कुपी काढता का?"

"छे! आधी विचारतो, लग्नाला लावायचंय की पूजेला."

"मग इथे का नाही विचारलंत? मला काय किल्ला सर करायचाय?"

अत्तरवाल्यानं कपाळावर हात मारला आणि तडक खेळण्यांची भाषा शिकवणाऱ्या म्हातारीकडे गेला. "आजी, फासे टाकणारी, सोंगटी सरकवणारी नि हरल्यावर गाल फुगवणारी बाहुली हवी."

"हात नि गाल पेटीत तयार आहेत, बाळा. पण माझ्या भाषेत सैन्य नाही हो चालत."

"नकोच आहे!"

शेजारी हसला, "ही तर पोरांची भाषा!"

"मला समजते, तेवढं पुरे," म्हणत अत्तरवाला काम करीत राहिला. या वेळी त्यानं पेटी बदलली नाही.

बाहुली झाली. डोळा तिरळा, मान डुगडुगती. पण चौरंगावर बसताच तिनं फासे टाकले, सोंगटी सरकवली. बायकोनं पुढच्याच दानात ती मारली. बाहुलीनं गाल फुगवले. बायको उशीला टेकून उठून बसली आणि ओरडली, "मेली! मेली तुझी सोंगटी!" आळीभर आवाज गेला.

शेजारी धावत आला. "वहिनी, कोणती भाषा ही?"

"आधी बसा, माझ्याकडून हरा, मग सांगते," ती म्हणाली. "आणि अहो, भात वाढा. कडकडून भूक लागलीय!"

तात्पर्य: साधन सगळ्यांत मोठं नको, आपल्या कामाच्या मापाचं निवडावं आणि काम तडीस जाईपर्यंत ते बदलू नये.