राघीच्या कड्याचं पाणी

उंबरधोंडीच्या स्टेशनावर उतरलं की समोरच राघीचा कडा दिसतो. पावसाळ्यात त्याचा धबधबा पाहायला माणसांची रीघ लागते. वाट दाखवायला वाडीतले धाऊबाबा मेंगाळ असतात. पाणी मागितलं तर तांब्या पुढे करतात. मात्र हे पाणी कुठलं, असं कुणी विचारलं की राघीची गोष्ट सांगायला बसतात.

इथे रूळ पडत होते तेव्हाची गोष्ट, म्हणे. कड्याखाली ठाकरांची वाडी होती. उन्हाळ्यात धबधबा आटायचा, पण त्यामागच्या कपारीत एक झरा बारमाही वाहायचा. त्याची जागा वाडीबाहेर कुणाला ठाऊक नव्हती.

एका वैशाखात खडी फोडणारी बाई तान्हं पोर घेऊन राघीच्या दारात आली. पोराला रडण्याचंही त्राण नव्हतं. राघीचं स्वतःचं मूल आदल्याच साली गेलेलं. तिने घरातलं होतं नव्हतं ते पाणी दिलं, आणि हाताला धरून बाईला कपारीपाशी नेलं.

"कुनाला सांगू नको," एवढंच म्हणाली.

बाईने फक्त नवऱ्याला सांगितलं. नवऱ्याने मुकादमाला. मग इंजिनाच्या टाकीसाठी कंत्राटदाराने झऱ्याला नळ घातला, भोवती कुंपण घालून पहारा बसवला. वाडीला पाणी बंद झालं.

पंचांसमोर राघीच्या नवऱ्यानेच तिला विचारलं, "परक्याच्या पोरापायी आपली वाडी मारलीस?"

"तहानलं व्हतं," ती म्हणाली.

तिला वाळीत टाकलं. पुढच्या उन्हाळ्यात गुरं मेली आणि वाडी घाटाखाली निघून गेली. राघीला कुणी बरोबर घेतलं नाही. ती कुंपणाशी जाऊन ओंजळभर पाणी मागू लागली. पहाऱ्यावर त्याच बाईचा नवरा होता.

"हुकूम नाही," तो म्हणाला, आणि तोंड फिरवून उभा राहिला.

राघीने तिथेच प्राण सोडला. असं सांगतात, की त्याच दिवशी नळातून वाळू आली आणि झरा कायमचा बुजला.

पुढे वाडीतली काही घरं परतली. त्यांना कड्यापलीकडे पाणी लागलं. ते कुठे, हे वाडी कुणाला सांगत नाही. मागेल त्याला पाणी द्यावं, जागा सांगू नये, ही तेव्हापासूनची रीत.

आजही नवी सून पहिल्यांदा पाण्याला निघाली की सासू उंबऱ्यातून तिला बजावते, "राघी होऊ नको, बाई."