सारसाची राखीव टोपली

तळ्यापलीकडे जायचं आहे आणि आपल्याला पंख नाहीत, तर काय कराल, बाळांनो? फार पूर्वी एका रानात त्यासाठी सारसांची उडती सेवा होती. एका म्हाताऱ्या सारसाने ती स्वतःच्या हिमतीवर सुरू केली. ती इतकी छान चालली, की सिंहराजाने ती राज्याची करून घेतली. सगळ्यांना मोठा अभिमान वाटला. नियम मात्र एक नवा आला. प्रत्येक सारसाच्या पाठीवरची पुढची टोपली दरबारासाठी राखीव.

एका दुपारी सशीण तापाने फणफणलेलं पिल्लू घेऊन धावत काठावर आली. वैद्य कासव पलीकडे राहायचं.

"दादा, आम्हाला घ्या हो!"

"मागची टोपली भरली, ताई," म्हाताऱ्याचा नातू सारस म्हणाला. "पुढची राजाच्या मेहुण्यांची. ते येणार आहेत."

"ते कालही येणारच होते," मागच्या टोपलीतली खार पुटपुटली.

कारभारी कोल्हा डोळे वटारून म्हणाला, "रिकामी गेली तरी चालेल. दुसरं कुणी बसवलंस, तर तुझी नोकरी गेली म्हणून समज!"

सारसाने रिकाम्या टोपलीकडे पाहिलं. घरट्यात त्याचीही पिल्लं होती. पश्चिमेला वावटळ उठत होती, थोड्या वेळात उडताच आलं नसतं. सशिणीच्या कुशीत पिल्लाचा श्वास घरघरू लागला.

"बसा, ताई," सारस कसाबसा म्हणाला. "त्याला पोटाशी घट्ट धरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी पिल्लाचा ताप उतरला आणि त्याने खायला मागितलं. त्याच सकाळी कारभाऱ्याने सारसाला सेवेतून काढून टाकलं.