ओव्याच्या तीन कुप्या

“तीन तेलं, तीन भट्ट्या, आणि श्रेष्ठ कोणतं ते कुणालाच ठाऊक नाही? शरम वाटली पाहिजे!” राजा चंडप्रतापाने सिंहासनाच्या हातावर अशी थाप मारली, की दारावरचा पहारेकरीसुद्धा दचकला.

समोर चौरंगावर तीन कुप्या होत्या. तिन्हींत ओव्याचंच तेल, पण ओवा मात्र तीन तऱ्हांचा. एकीत अंगणातल्या जाड पानांच्या पानओव्याचं, एकीत शेतातल्या ओव्याच्या दाण्यांचं आणि एकीत डोंगरकड्यावरच्या रानओव्याचं. कनकगडच्या एकाच गल्लीत तिघे जण अर्क काढत. तिघांचा संसार त्या भट्ट्यांवर चालायचा. आणि राजाला खोड अशी, की ज्यात त्यात एकच श्रेष्ठ हवा, बाकीचं नको! गेल्या साली त्याने सनई श्रेष्ठ ठरवली आणि मृदंग, वीणा, टाळ सगळं बासनात गेलं. तेव्हापासून राणीसाहेबांना झोपवायलाही सनईच वाजे.

“श्रेष्ठ तेलाची भट्टी राहील. उरलेल्या दोन आज संध्याकाळी फोडा!” राजाने फर्मावलं. “प्रधानजी, तुम्ही सांगा!”

प्रधानजींनी रानओव्याच्या कुपीला नाक लावलं मात्र, लागोपाठ शिंका! डोळ्यांतून धारा लागल्या. “महाराज... हॅ... हे... हॅऽऽक छी!”

“हे काय उत्तर झालं? वैद्यराज, तुम्ही!”

वैद्यराजांनी शेंडी कुरवाळली. “महाराज, ते रोगावर अवलंबून...”

“रोग विचारलाय मी? श्रेष्ठ विचारलंय! बसा खाली!”

तिन्ही भट्टीवाले कोपऱ्यात माना खाली घालून उभे होते. त्यातल्या पानओव्याच्या येसाजीबरोबर त्याची लेक बयजा आली होती. आबांच्या आणि पलीकडच्या दोघा काकांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. ज्यांच्या ओसरीवर ती लहानाची मोठी झाली, त्यांतल्या दोघांच्या चुली आज विझणार! मग तिने पदर खोचला आणि ती सरळ पुढे झाली.

“महाराज, मी सांगते.”

“बयजे, मागे ये!” येसाजी पुटपुटला.

राजाने भुवई उंचावली. “तू? बापाच्याच तेलाचं नाव घेशील!”

“घेतलं तर माझी जीभ कापा, महाराज.”

“असं! मग ऐक. एकच नाव घ्यायचं. दोन घेतलीस तर तिन्ही भट्ट्या फुटतील. ‘सगळीच चांगली’ म्हणालीस तरी फुटतील. आणि ‘रोगावर अवलंबून’ म्हणालीस तर वैद्यराजांशेजारी बसावं लागेल!”

दरबार खदखदला. वैद्यराज मात्र हसले नाहीत.

बयजाने हात जोडले. “कबूल, महाराज. पण श्रेष्ठ ओळखण्यात महाराजांसारखा पारखी दुसरा कुठला? आधी एक निवाडा आपण करावा. महाराजांपाशी तीन चाकर आहेत. एक महाराजांचं अन्न दळतो, एक ते शिजवतो आणि एक महाराजांना अष्टौप्रहर वारा घालतो. तिघांपैकी श्रेष्ठ कोण?”

राजाची कळी खुलली. निवाडा म्हटला की त्याला पंचपक्वान्नांहून गोड! “त्यात विचार कसला? शिजवणारा! दळलेलं कुणी नुसतं खातं का? आणि वारा काय, खिडकी उघडली की येतो!”

“धन्य, महाराज! मग त्या दोघांचं काय करायचं?”

“काय करायचं? हाकला! दळणारा आणि वारा घालणारा, दोघेही आजच्या आज राज्याबाहेर! लिहून घ्या, प्रधानजी!”

प्रधानजींनी शिंकत शिंकत लिहून घेतलं. राजाने वर मुद्रा उठवली.

“झालं तर!” बयजा म्हणाली. “महाराजांचं अन्न शिजवतं ते महाराजांचं पोट. पोटफुगीवर, कळ उठल्यावर गुण येतो तो दाण्यांच्या ओव्याचा. तेव्हा श्रेष्ठ तेल ओव्याच्या दाण्यांचं. घेतलं मी एकच नाव!”

“शाबास!” राजा म्हणाला. “आणि... दळणारा कोण म्हणालीस?”

“दात, महाराज. आणि वारा घालते ती छाती.” बयजाने पहारेकऱ्याकडे वळून पाहिलं. “दादा, हुकूम झालाय. महाराजांचे दात वेशीबाहेर न्यायचे आहेत. चिमटा आणा! आणि छातीतला वारासुद्धा आजच्या आज बाहेर काढायचाय.”

पहारेकरी बावचळला. साधा माणूस, हुकमाचा ताबेदार. “महाराज, दात एकेक करून नेऊ, का महाराजांसकट?”

राजाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. “खबरदार! एक पाऊल पुढे टाकशील तर!”

“पण महाराज, मुद्रा उठलीय!”

“उठू दे! दात राहू देत! छातीही राहू दे! अगं पोरी, नुसतं पोट घेऊन मी जगू कसा?”

बयजाने चौरंगावरची रानओव्याची कुपी उचलली. “दात राहिले, तर दाढ ठणकेल. मग तिळाच्या तेलात याचा एक थेंब लागेल. जहाल आहे, म्हणून एकच. तेव्हा रानओव्याची भट्टी राहू द्या.” तिने दुसरी कुपी उचलली. “छाती राहिली, तर ती कधी खोकल्याने भरेल. मग छातीवर चोळायला हे सौम्य तेल लागेल. तेव्हा पानओव्याची भट्टी राहू द्या. आणि दात-छाती जाणार असतील, तर दोन्ही भट्ट्या खुशाल फोडा, महाराज! त्यांचा उपयोग तरी काय?”

राजाचं पोट हललं, खांदे हलले, आणि तो असा गडगडून हसला, की मुकुट कानावर कलला. “माझ्याच जिभेनं माझे दात काढायला निघाली ही! प्रधानजी, फाडा तो हुकूम! आणि भट्ट्या फोडायचा हुकूमही रद्द!”

त्याने गळ्यातली मोत्यांची माळ काढून बयजाच्या हातावर ठेवली. तिन्ही भट्ट्यांना तांब्याचे नवेकोरे हंडे देवविले आणि डोंगरकड्याखालची जमीन तिघांच्या ओव्यासाठी बिनसाऱ्याने लावून दिली. दोघे काका डोळे पुसत होते. येसाजीने लेकीच्या पाठीवर हात ठेवला.

“अजून काय हवं, पोरी? माग!”

“निघायची परवानगी, महाराज,” बयजाने घाईघाईने मुजरा केला आणि बापाचा हात ओढला. “चला आबा! भट्टीखाली जाळ तसाच आहे, पाला करपेल!”