शालनबाईंच्या फोटोचा उजेड

मार्तंड रखमाजी भोसेकर, वय वर्षे एकेचाळीस, हा बोरखेडे गावातला एक भोळा गृहस्थ होता. गावात आणखीही भोळे होते, परंतु ते प्रसंगानुसार भोळे होते. मार्तंड नियमित होता. सांगितलेली गोष्ट तो सांगितली तशीच करी, आणि एकदा शिकलेला धडा वाया जाऊ नये म्हणून पुढे जो प्रसंग येईल त्याला तो लावी.

त्याच्या बहिणीने, अनसूयाबाईंनी, त्याला आपल्या यजमानांच्या हाताखाली ठेवले होते. यजमान निवृत्ती खराडे यांचा बाजारपेठेत फोटो स्टुडिओ होता. मार्तंड त्यांना दाजी म्हणे. मोबाइल हाती आल्यापासून गावातले लोक आपापले फोटो आपणच काढू लागले होते. स्टुडिओत बहुतेक वेळ दाजी, मार्तंड आणि दिवे एवढेच असत.

"हा लग्नाचा हंगाम हाती लागला पाहिजे," एके दिवशी दाजी म्हणाले. "शालनबाई ढवळे नवं ब्यूटी पार्लर काढतायत. गावातल्या सगळ्या नवऱ्या मुली सजायला तिथंच जाणार. शालनबाईंनी त्यांना फोटोसाठी आपल्याकडं पाठवलं, तर स्टुडिओ तरला. नाहीतर मला शटर ओढावं लागेल."

"तुम्ही कशाला, दाजी? मी ओढतो," मार्तंड म्हणाला, आणि उठून त्याने शटर ओढले. ते अर्ध्यावर अडकले. त्यानंतर गिऱ्हाइके वाकून आत येऊ लागली.

पार्लरच्या उद्घाटनाला अवकाश होता. शालनबाईंचा एक मोठा सुंदर फोटो पार्लरच्या दर्शनी भिंतीवर लागायचा होता, आणि तो काढण्याचे काम दाजींना मिळाले होते. तो फोटो पाहूनच पुढचे ठरणार होते. तोपर्यंत मार्तंडने दिव्यांचे काम शिकून घ्यावे, असे अनसूयाबाईंनी सुचवले.

"त्याला एकदा नीट सांगितलं की तो तसंच करतो," त्या म्हणाल्या.

"तीच अडचण आहे," दाजी म्हणाले. पण त्यांनी शिकवायला घेतले.

प्रथम बालवाडीच्या बाई आल्या. दाजी म्हणाले, "मार्तंडा, बाईंच्या चेहऱ्यावर चांगला उजेड दे." मार्तंडने मोठा दिवा उचलला आणि बाईंच्या नाकाला टेकेल इतका जवळ आणला. उजेड चांगलाच पडला. फोटोत बाईंचा चेहरा आला नाही. कुंकू आले, आणि नाकपुड्या आल्या.

"अरे, असं नसतं," दाजी म्हणाले.

"मग कसं असतं, दाजी?"

"उघडा झगझगाट चेहऱ्यावर मारायचा नसतो. जिथं झगझगाट असेल, तिथं मधे पांढरं कापड धरायचं. उजेड मऊ होतो."

मार्तंडने मान डोलावली. तो शिकला होता.

पुढचे गिऱ्हाईक म्हणजे नवे जोडपे. आदल्या दिवशीच लग्न लागलेले. सोबत वराची आत्या होती. नवरीने भरजरी शालू नेसला होता. मार्तंडने नीट निरीक्षण केले. दिव्यावर कापड होतेच. पण शालूची जर लखलखत होती, आणि तिची तिरीप नवरदेवाच्या गालावर पडत होती. झगझगाट होता तो इथे. मार्तंड पांढरे कापड घेऊन पुढे झाला, आणि त्याने ते नवरा-नवरीच्या मधोमध उभे धरले.

नवरदेव सवयीने सरळ उभा राहिला. नवरीने खाली मान घातली. आत्याबाई इकडेतिकडे पाहत म्हणाल्या, "काल लागलं की रे लग्न. आता पुन्हा अंतरपाट कशाला? भटजींची दक्षिणा पुन्हा कोण देणार?"

"कापड काढू नका, आत्याबाई," मार्तंड म्हणाला. "नवरदेव मऊ व्हायचेत."

जोडपे न सांगता निघून गेले.

"अरे, असं नसतं," दाजी म्हणाले.

"मग कसं असतं, दाजी?"

"कापड दिव्यापुढं. माणसांच्या मधे काही आणायचं नाही. चेहऱ्यावर, डोळ्यांखाली सावली दिसली, तर हनुवटीखाली पांढरा पुठ्ठा धरायचा. पुठ्ठ्यावरून उजेड वर उडतो आणि सावली निघून जाते. सावली जाईस्तोवर हलायचं नाही."

मार्तंडने मान डोलावली. तो शिकला होता.

त्यानंतर मळ्यातल्या बाबूराव थिट्यांनी बोलावले. विम्याच्या कागदांना त्यांच्या म्हशीचा फोटो हवा होता. दाजी कॅमेरा घेऊन पुढे, मार्तंड दिवा आणि पुठ्ठा घेऊन मागे. गोठ्यात पोचल्यावर मार्तंडने म्हशीकडे पाहिले, आणि त्याला धसकाच बसला. तिच्या सगळ्या तोंडावर सावली होती. इतकी दाट सावली त्याने आजवर पाहिली नव्हती. त्याने म्हशीच्या हनुवटीखाली पुठ्ठा धरला. सावली गेली नाही. त्याने दिवा जवळ केला. तरीही गेली नाही.

"काय चाललंय?" बाबूरावांनी विचारले.

"सावली काढतोय."

"सावली नाही ती. म्हैस आहे ती."

"म्हैस आहे हे दिसतंय, काका. सावली गेली की आणखी स्पष्ट दिसेल."

मार्तंड हलला नाही. म्हशीने बराच वेळ सहन केले. मग तिने पुठ्ठा खाल्ला, दिव्याला शिंग लावले, आणि मार्तंडला शेणात बसवले.

"अरे, असं नसतं," घरी परतताना दाजी म्हणाले.

"मग कसं असतं, दाजी?"

"समोर घुसायचं नाही. आपण मागं उभं राहायचं, आणि मागून दिवा द्यायचा. मागचा उजेड केसांवर पडला की केस चमकतात, मूर्ती उठून दिसते. सुंदर फोटोची खरी कळ तिथं आहे."

मार्तंडने मान डोलावली. तो शिकला होता.

दोनच दिवसांनी पोस्टमास्तरांची मुलगी हेमलता स्थळाला पाठवायचा फोटो काढायला आली. दाजी बाहेरगावी गेले होते. अनसूयाबाईंनी कॅमेऱ्याचे बटण दाबले, आणि दिव्याचे मार्तंडने पाहिले. त्याने समोर अजिबात घुसखोरी केली नाही. तो मुलीच्या मागे उभा राहिला आणि दिवा उंच धरला. मुलीचे केस सुरेख चमकले. अनसूयाबाईंनी चष्मा लावला नव्हता, म्हणून त्यांना मुलगी तेवढी दिसली.

फोटो पाकिटात घालून परस्पर मुलाकडे गेला. आठवड्याने मुलाच्या वडिलांचा पोस्टमास्तरांना फोन आला.

"मुलगी आम्हाला पसंत आहे," ते म्हणाले. "फक्त एक विचारायचं होतं. मागे दिवा घेऊन उभे असलेले गृहस्थ लग्नानंतर तिच्याबरोबर राहायला येणार आहेत का? घर लहान आहे, म्हणून विचारलं."

पोस्टमास्तर स्टुडिओत येऊन काय बोलले, ते इथे लिहिण्यासारखे नाही. फार राग आला की दाजी मेव्हण्याला अहो-जाहो करीत.

"मार्तंडराव, असं नसतं," ते म्हणाले.

"मग कसं असतं, दाजी?"

"फोटोत एकच व्यक्ती दिसली पाहिजे. जिचा फोटो आहे ती. बाकी आजूबाजूचं झाडून सगळं बाहेर काढायचं. आपणसुद्धा बाहेर. आणि आता कृपा करून शालनबाई येतील तेव्हा तुम्ही कशालाही हात लावू नका. कोपऱ्यात बसा आणि बघा."

मार्तंड कोपऱ्यात बसला आणि बघू लागला.

उद्घाटनाच्या आठवडाभर आधी शालनबाई आल्या. दाजींनी त्या दिवशी आपले सारे कसब पणाला लावले. बाईंच्या मागे त्यांनी काळा पडदा सोडला, म्हणजे चेहरा उठून यावा. खोलीतल्या ट्यूबलाइटच्या नळ्या विझवल्या, म्हणजे भलतीकडचा उजेड येऊ नये. एकच मंद दिवा समोर ठेवला. पुढ्यात पांढरीशुभ्र चादर अंथरली, म्हणजे तिच्यावरून उजेड वर उडून डोळ्यांखालच्या सावल्या जाव्यात. मग ते हळू आवाजात म्हणाले, "आता कुणी हलू नका. कुणी बोलू नका."

फोटो असा निघाला की दाजी स्वतःच त्याच्याकडे पाहत बसले. शालनबाई कोणत्याही क्षणी काहीतरी बोलतील, असे वाटे.

उद्घाटनाच्या दिवशी दाजींनी मोठ्या चौकटीतला तो फोटो मार्तंडच्या हाती दिला. सोबत गुलाबांचा एक जाडजूड हार दिला.

"तू पुढं हो. तुझ्या ताईला घेऊन मी मागनं येतो. हार शालनबाईंना, आपल्याकडून. आणि फोटो असा मांड की त्या दिवशी स्टुडिओत बाई जशा दिसत होत्या, तशाच तिथं दिसल्या पाहिजेत. फरक पडता कामा नये. आज सगळं त्या फोटोवर आहे."

मार्तंडने मान डोलावली. स्टुडिओतला काळा पडदा आणि पांढरी चादरही त्याने काखोटीला मारली.

तो पार्लरमध्ये पोचला तेव्हा शालनबाई आतल्या खोलीत दार लावून पैठणी नेसत होत्या. त्यांचे यजमान पेढे आणायला गेले होते. मार्तंडला पूर्ण मोकळीक मिळाली. आजूबाजूचे झाडून सगळे बाहेर काढायचे होते. त्याने खुर्च्या बाहेर काढल्या, फुगे काढले, "हार्दिक स्वागत" ही पाटी काढली. समोरच्या भिंतीला काळा पडदा लावला. पडद्यापुढे फोटो ठेवला. नळ्या विझवल्या. मंद दिव्यासाठी त्याला फार शोधावे लागले नाही. उद्घाटनाची समई तयार होती. ती लावून त्याने फोटोसमोर ठेवली, आणि जमिनीवर पांढरी चादर अंथरली.

हाराचा त्याने विचार केला. परक्या बाईच्या गळ्यात पुरुषाने हार घालणे बरे नव्हे, एवढे त्यालाही कळत होते. त्याने तो फोटोला घातला. मग तो स्वतः बाहेर जाऊन उभा राहिला.

पहिल्या पाहुण्या पुष्पाकाकू. त्या शालनबाईंच्या शेजारी राहत. हातात भेटवस्तू घेऊन त्या हसत उंबऱ्यापर्यंत आल्या, आणि त्यांनी आत पाहिले. त्यांचे हसू गेले. त्यांनी चपला काढल्या, पदर डोक्यावरून घेतला, आणि भेटवस्तू पदराखाली झाकून त्या चादरीच्या कडेला जाऊन बसल्या.

मागोमाग इतर बायका आल्या. जी येई ती दारात थबके, आणि मग हळूच बसे.

"काल संध्याकाळी बोलली माझ्याशी," एकीने डोळे पुसले. "पैठणी नेसू की इरकल, विचारत होती."

"फोटोत बघा, अगदी बोलेल असं वाटतं," दुसरी म्हणाली, आणि तिलाही रडू कोसळले.

इतक्यात शालनबाईंचे यजमान घाईघाईने दाराशी आले. त्यांनी आत डोकावले नाही. त्यांना अजून सरबताचा बर्फ आणायचा होता. "घ्या, घ्या, तोंड गोड करा," असे म्हणत त्यांनी दाराजवळच्या बायकांच्या हातांवर पेढे ठेवले. "आज माझ्या मनासारखं झालं बघा," ते म्हणाले, आणि बर्फाला गेले.

बायकांनी हातातल्या पेढ्यांकडे पाहिले.

"वरून इतका सज्जन वाटायचा," पुष्पाकाकू म्हणाल्या.

महिला मंडळाच्या अध्यक्षा इंदूमतीबाई गाडगे उद्घाटनाची फीत कापायला आल्या होत्या. त्यांनी दारातून पाहिले आणि कात्री पर्समध्ये परत ठेवली. त्या फोटोपुढे गेल्या व नमस्कार करून उभ्या राहिल्या. तेव्हा सगळ्याच बायका उठून उभ्या राहिल्या.

सारे जमले होते, उजेडही बरोबर होता. मार्तंडला वेळ आल्याचे कळले. तो दारातून हळू आवाजात म्हणाला, "आता कुणी हलू नका. कुणी बोलू नका."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. कोणी हलले नाही. कोणी बोलले नाही. दाजी आणि अनसूयाबाई त्याच वेळी पोचले. दाजींनी समई पाहिली, हार पाहिला, आणि दाराची चौकट धरली.

आत शालनबाईंना बोलावण्याची वाट पाहून कंटाळा आला. सगळे इतके शांत कसे, हे त्यांना कळेना. दार उघडून त्या बाहेर आल्या. अंधारात बायका माना खाली घालून उभ्या होत्या, आणि फोटो त्यांच्या पाठींआड गेला होता. शालनबाई समजूतदार. त्यांनीही पुष्पाकाकूंच्या शेजारी उभे राहून हात जोडले.

"कोण गेलं हो?" त्यांनी कुजबुजत विचारले.

"शालन," काकू मान वर न करता म्हणाल्या.

"कुठली शालन?"

"आपली. ढवळ्यांची."

"अगं बाई," शालनबाई म्हणाल्या. "आजारी होती का?"

"काही कळलंच नाही बघा," असे म्हणत पुष्पाकाकूंनी मान वळवली, शालनबाईंना पैठणीत उभे पाहिले, आणि त्या आडव्या झाल्या. पडता पडता त्यांनी अध्यक्षाबाईंचा पदर धरला, म्हणून अध्यक्षाबाईही आडव्या झाल्या.

मार्तंड दारातून आत आला. त्याला मनापासून वाईट वाटले होते.

"काकू, सांगितलं होतं हलू नका म्हणून," तो म्हणाला. "आता सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून उभं राहावं लागेल."

त्या हंगामातल्या नवऱ्या मुली शालनबाईंनी खराड्यांच्याच स्टुडिओत पाठवल्या. ज्या फोटोकडे पाहून बायका खरोखर रडल्या, तसा फोटो तालुक्यात दुसरीकडे निघत नाही, असे त्यांचे मत झाले होते. मार्तंड आता दिव्यांचे काम करत नाही. ते अनसूयाबाई करतात, चष्मा लावून.