हाकेचा कडा

समोर धुक्यात अर्धामुर्धा दिसतोय ना, तो हाकेचा कडा. आपण बसलोय त्या सावटगडाच्या बुरुजावरून हाक मारली, की मधली खिंड ओलांडून कडा ती जशीच्या तशी परत देतो. येणारे हौशी लोक इथे उभे राहून "ए ऽ ए" करून ओरडतात आणि हसतात. तुम्ही तसं करू नका. खाली आमच्या सावटवाडीत कुणी कुणाला 'ए' म्हणत नाही. गुराख्याला नाही आणि गवंड्याच्या हाताखालच्या गड्यालाही नाही. मघाशी गाडीतून उतरल्या उतरल्या तुम्ही मला "ए मामा" केलंत. केलंत तर केलंत, तुम्हाला ठाऊक नव्हतं. माझं नाव धोंडीराम. आता जरा कठड्यापासून आत सरकून बसा आणि ऐका.

फार जुनी गोष्ट. या गडावर रुद्राजीराव नावाचा किल्लेदार होता, असं सांगतात. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो, कारण ऐकणारा त्याला लगेच दुष्ट ठरवून मोकळा होतो. लढाईत तो सगळ्यांच्या पुढे असायचा आणि शिपाई जेवल्याशिवाय स्वतः जेवत नसे. खोड एकच. हाताखालच्या माणसाचं नाव त्याने कधी विचारलं नाही. पागेतल्या प्रत्येक घोड्याचं नाव तोंडपाठ, माणसाला मात्र "ए पहारेकरी", "ए पाणक्या". त्यात काही वावगं आहे, असं कुणालाच वाटत नसे. मोठ्या माणसांची रीतच ती, असं म्हणायचे.

त्या साली गनिमाने गडाला वेढा घातला. श्रावणाचे दिवस, हाताला हात दिसू नये असं धुकं. धुक्यात लपून गनिमाची माणसं आपल्यासारखाच आवाज काढत, "पहारा बदलला, खाली या" म्हणून हाका मारत, आणि भोळा पहारेकरी उतरला की त्याला कापून काढत. तेव्हा रुद्राजीरावाने हुकूम काढला: मी स्वतः नाव घेऊन बोलावल्याशिवाय कुणी जागा सोडायची नाही. आपलं नावही धुक्यात कुणाला सांगायचं नाही. हुकूम शहाणपणाचा होता. त्याने बरेच जीव वाचले म्हणे.

समोरच्या कड्यावर तेव्हा एकच पहारेकरी असायचा. दूर मुलखातून नुकताच आलेला गडी. ज्या नाईकाने त्याला तिथे नेमलं, तो तापाने गेला. कड्याच्या पाठीमागे रानात उतरायला एक दोर होता, अडचणीच्या वेळेसाठी.

मग एके दिवशी गडावरचं धान्याचं कोठार जळालं. आता गड सोडण्यावाचून इलाज नव्हता. चोरवाटेने निघायचं ठरलं. रुद्राजीराव या बुरुजावर आला आणि एकेक चौकी बोलावू लागला. प्रत्येक नाईक कानात नाव सांगे, किल्लेदार हाक मारी, माणूस धुक्यातून येई. सगळे आले. कडा तेवढा राहिला.

"याचं नाव काय?" किल्लेदाराने विचारलं.

एक नाईक म्हणाला, "सरकार, आम्ही त्याला कड्यावरचाच म्हणायचो."

खिंडीत गनीम येऊन बसला होता, माणूस पाठवायची सोय नव्हती. किल्लेदाराने हाक मारली, "अरे ए, कड्यावरच्या! मी किल्लेदार बोलतोय. गड सोडलाय. दोरावरून उतर!"

पलीकडून आवाज आला, "सरकार, नाव घ्या!"

"अरे, मीच बोलतोय! ऊठ!"

"आवाज तुमचाच वाटतोय, सरकार. पण हुकूमही तुमचाच आहे. नाव घ्या, हा आलोच!"

सुचतील ती नावं रुद्राजीरावाने घेतली. कडा दर नाव परत देई, माणूस काही येईना. खाली माणसं ताटकळली होती आणि गनीम दरवाजा फोडत होता. शेवटी सरदारांनी त्याला दंडाला धरून ओढत नेलं. चोरवाटेवर पुष्कळ दूरपर्यंत त्याला मागून ऐकू येत होतं, असं म्हणतात, "नाव घ्या, सरकार!"

दिवाळीनंतर गड परत मिळाला. रुद्राजीराव सदरेवर न जाता थेट कड्यावर गेला. पहारेकरी दगडाला टेकून बसलेला होता. तोंड गडाकडे, मांडीवर शिंग. मागे दोर तसाच गुंडाळलेला. कुणी हात लावला नव्हता.

दहन कुणाच्या नावाने करायचं, हाही प्रश्नच पडला. रुद्राजीरावाने किल्लेदारी सोडली आणि गावोगाव हिंडून दारोदारी विचारू लागला, "तुमच्या घरचा कुणी सावटगडावर होता का?" घरोघरी कुणी ना कुणी परत न आलेला होताच. एका म्हातारीने त्याला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "नाव सांग बाबा त्याचं, म्हणजे माझा होता का ते सांगते." तो पाणी तसंच ठेवून उठला.

तो परत आला आणि त्या कड्यावर एकटाच राहिला. रोज खिंडीच्या तोंडावर उभा राहून नावं घ्यायचा. राणू, भिकाजी, सटवा, येसू. एखादं तरी त्याचं निघेल म्हणून. एकदा खाली भाताच्या खाचरात तण बेणणाऱ्या सटवाने आपलं नाव ऐकलं आणि सवयीने "ओ ऽ" दिली. वरून थकलेला आवाज खाली आला, "तो तू नव्हेस रे बाबा. जेवलास का?"

त्या दिवसापासून ज्याचं नाव येई, तो हातातलं काम थांबवून ओ देऊ लागला. म्हाताऱ्याला एकटं वाटू नये, एवढंच. पुढे एका सकाळी हाक आलीच नाही. लोक वर गेले. तो त्याच दगडाला टेकून बसलेला होता.

आजही श्रावणी अमावास्येला गावचा जो कुणी प्रमुख असेल, तो या बुरुजावर येतो. सध्या सरपंच कौसल्याबाई आहेत, त्या येतात. गावातल्या प्रत्येकाचं नाव घेतात. झाडणारीचं, गुराख्याचं, कुणाच्या घरी रोजावर आलेल्या परक्या गड्याचंसुद्धा. हातात कागद नाही, नावं पाठ हवीत. एक जरी विसरलं, तरी गावजेवणाचं पान मांडत नाहीत. नाव घेतलं की खालून ओ येते.

सगळी नावं संपली, की त्या कड्याकडे वळतात, पदर सावरून हात जोडतात आणि हाक मारतात, "दादा, खाली या. पहारा संपला." कडा तेच शब्द परत देतो. तेव्हा साऱ्या गावात कुणी ओ देत नाही. लहान मूलसुद्धा नाही. ती ओ त्याची आहे.

आम्ही थोडा वेळ थांबतो. मग जेवायला जातो.