तिवरांची कोळंबी

खूप जुन्या काळी एका खाडीच्या चिखलात तिवरांचं रान होतं. त्यात सगळ्यात म्हातारी तिवर अगदी काठाला उभी होती. तिला गोड फळ येत नसे आणि तिच्या वाकड्या लाकडाची होडीही होत नसे.

एकदा एका व्यापाऱ्यानं कोळीवाड्याला सांगितलं, "रान तोडा, मी मिठागर बांधतो. पडीक जागेचा पैसा होईल." कोळ्यांना ते पटलं. ओहोटी लागताच त्यांचा म्होरक्या जैतू तांडेल कोयता घेऊन चिखलात उतरला.

म्हातारी तिवर म्हणाली, "जैतू, घाव घाल, पण आधी खाली वाकून माझ्या मुळांत बघ."

जैतू वाकला. मुळांमधल्या डबक्यात कोळंबीची तांदळाएवढी पिल्लं वळवळत होती. मुळांच्या आडोशाला बोटभर लांबीचे जिताडे मासे दडले होते.

"मोठ्या माशांपासून मी यांना लपवते," तिवर म्हणाली. "वाढली की ही समुद्राकडे निघतात आणि वाटेत तुझ्या जाळ्यात येतात. तुझ्या आजानंही हीच पकडली."

जैतूनं कोयता कमरेला खोचला. मग काठावर येऊन व्यापाऱ्याला म्हणाला, "शेठ, ही जागा पडीक नाही. आमचा सगळा धंदा इथंच जन्माला येतो. रान तुटणार नाही."

पुढच्या बाजाराला जैतूची बायको हिरू काठावर मासळी विकत होती. एका गिऱ्हाइकानं विचारलं, "एवढी टपोरी कोळंबी कुठली गं?"

हिरूनं मान ताठ करून रानाकडे बोट दाखवलं. "आमच्या तिवरांची."

म्हातारीनं ते ऐकलं आणि भरतीच्या पाण्यात मुळं आणखी घट्ट रोवली.