पिंपरखळीची कोरडी जाती

पिंपरखळीत पाहुणा जेवायला बसला की त्याला एक गोष्ट आधीच सांगून ठेवतात. भाकरीत दगडाची कच लागली तर थुंकायची नाही, बोलून दाखवायचं नाही, मुकाट्यानं गिळून टाकायची. जेवणं आटोपली की गावातले वयोवृद्ध रावजीनाना पाहुण्यांना घेऊन ओढा ओलांडतात आणि पलीकडच्या माळावर चढतात. माळभर काळ्या दगडाची जाती पडली आहेत. वरचा दगड खालच्यावर नीट बसलेला, खुंट्याचं भोक कोरलेलं, आणि फटींतून गवत उगवलेलं. यातल्या एकाही जात्यात कधी दाणा पडला नाही. माळाच्या वरच्या अंगाला चुलीचे तीन दगड मांडलेले आहेत. नाना तिथं टेकतात, पाहुण्यांना दम खाऊ देतात आणि सांगायला लागतात.

फार मागे गावात मरी आली, असं सांगतात. गावात ती हिंडली-फिरली, पण ओढ्यापलीकडच्या वस्तीत तिनं ठाण मांडलं. घरंच्या घरं बसली. तेव्हा गावानं मरीआईपुढे नारळ ठेवून नवस केला, की आई, आता आवर. वस्तीत जी पोरं मागे राहतील त्यांना गाव उघडं टाकणार नाही, वार लावून जेवू घालेल आणि त्यांच्या हाताला हुन्नर देईल. मरी हटली. वस्तीत उरली ती पाचसहा तरणी पोरं, ना आई ना बाप, ना हातात कसला धंदा. त्यांत सारजा नावाची एक मुलगी होती.

गाव शब्दाला जागलं, हे कबूल करायला हवं. लांबून येसबा नावाचा म्हातारा पाथरवट आणून माळावर बसवला. रोज एका घरचा वार ठरला. ज्या घरात स्वतःला पुरत नव्हतं त्यांनीही वार चुकवला नाही. येसबा दगड ओळखायला शिकवी, टाकी, म्हणजे दगड घडवायची छिन्नी, धरायला शिकवी, हात चुकला की शिव्या देई. सारजानं सगळ्यांत आधी घडवले ते हे चुलीचे तीन दगड. ते मांडून ती येसबाला म्हणाली, "बाबा, आता माझ्या कामाचं पीठ येईल तवाच ही पेटवायची. तोवर वाराचं खाईन."

येसबा हसला. त्याला वाटलं, कितीसा वेळ लागणार आहे!

शिकून झालं. पोरांनी घडवलेली जाती हलकी फिरत. पण जातं न्यायला माळावर कोणी येईना. मरीच्या घरातली माणसं ही. त्यांचा हात लागलेल्या जात्याचं पीठ पोटात गेलं तर मरी मागोमाग घरात शिरेल, असं भय होतं. उघड कोणी बोलत नव्हतं. विचारलं की म्हणत, आमचं जुनं जातं अजून चांगलं आहे.

येसबा शेजारच्या गावांत फिरला. तिथं त्याला विचारलं, एवढी चांगली जाती आहेत तर तुमच्याच गावानं का घेतली नाहीत? तो परत आला तो पाठीत वाकूनच. त्या उन्हाळ्यात तो देवाघरी गेला. दोघं पोरं घाट उतरून निघून गेली. बाकीच्यांनी टाक्या टाकून दिल्या आणि ती नुसती वाराची वाट बघत बसायला लागली. सारजा मात्र जाती घडवत राहिली, कारण न घडवता बसलं की चुलीकडे नजर जायची.

सोमवारचा वार पाटलाच्या घरी. सारजा ओट्यावर जेवायची आणि आत जातं घरघरायचं. त्याचा आवाज जड झालेला तिनं ओळखला; दगड झिजून गुळगुळीत झाला होता, त्याला टाकीनं पुन्हा खरबरीत करायला हवं होतं. भाकरीही भरड लागायला लागली होती. एका सोमवारी ती म्हणाली, "पाटलीणबाई, जात्याला टाकी लावायची झालीया. मी लावून देते. वाईच पीठ द्या, बास."

पाटलीणबाई वाईट नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणतात. "सारजे, भाकरी एकीच्या जागी दोन माग. पर जात्याला हात नगं गं लावू. लेकराबाळांचं घर हाय."

"बरं," सारजा म्हणाली.

पुढच्या सोमवारी तिला भाकरी मिळाली, वर लोण्याचा गोळा मिळाला. पहिलाच घास दाताखाली कचकन वाजला. नवी टाकी लावलेल्या जात्यातून अशी कच येते, आणि टाकी घाईत लावली असेल तर जास्तच येते. बाहेरगावचा कोणी पाथरवट येऊन गेला होता. घरात कोणी तिला सांगितलं नव्हतं; भाकरीनं सांगितलं. तिनं तोंडातली कच थुंकली नाही. तो घास गिळला, उरलेली भाकरी ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, "वार शिकणाऱ्याला असतोय, बाई. माझं शिकून झालं."

ती माळावर गेली ती पुन्हा खाली उतरली नाही. रोज ज्याचा वार तो भाकरी वर नेऊन ठेवी, आणि दुसरा येई तेव्हा ती तशीच वाळलेली असे. कोणी म्हणतं ती तिथंच मेली, कोणी म्हणतं घाट उतरून निघून गेली. पाटलीणबाईनं मग माळावर चढून चूल हातानं चाचपून पाहिली. चुलीचे दगड गार होते. तेव्हापासून, म्हणे, जात्याला कोणीही टाकी लावो, पिंपरखळीच्या भाकरीत कच यायची राहिली नाही. आता गिरणी आली तरी येते. गावानं ती गिळायची ठरवली आणि वार कधी मोडायचा नाही असंही ठरवलं.

नाना इथं थांबतात. त्यांना या गोष्टीचा अभिमान वाटतो की लाज, हे पाहुण्याला शेवटपर्यंत कळत नाही.

आजही गाव वार चुकवत नाही. खाली शाळेमागे गावानं वर्गणी काढून शिकवणीचे वर्ग चालवले आहेत. ज्यांचं कोणी नाही अशी आसपासची तरणी मुलं-मुली तिथं वायरिंग शिकतात, शिवण शिकतात, आणि घरोघरच्या वारावर जेवतात. घरात वायर ओढायची झाली की माणूस तालुक्याहून बोलावतात. शिकून झालेली मुलं दिवसभर माळावर येऊन बसतात. एरवी जात्यावर कोणी बसत नाही, पण ज्यात दाणा पडला नाही ते जातं कसलं, म्हणून यांवर बसलेलं चालतं. दर सोमवारी एक बाई भाकऱ्यांचं टोपलं घेऊन वर येते. मुलं सरकून तिला वाट देतात. ती पहिली भाकरी चुलीच्या तीन दगडांवर ठेवते, बाकीच्या त्यांना वाटते. मुलं मुकाट खातात, कच लागली तर गिळतात. दगड मात्र अजून घडवले त्या दिवशीसारखेच आहेत, काजळीचा एक डागही त्यांच्यावर नाही.